जुनी सायकल आणि नवे मॉडेल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत एक वस्तू अजूनही क्वचित दृष्टीस पडते. जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत, किंवा चौकातल्या खांबाशी, काळ्या रंगाची, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची विलायती सायकल उभी असते. चेनकव्हरवरची सोनेरी अक्षरे पुसट झालेली असतात, सीटचे कातडे बसणाऱ्याच्या बेताने खोलगट झालेले असते, आणि दसऱ्याच्या दिवशी तिला झेंडूची माळ न चुकता पडते. एरवी तिच्याविषयी घरात जो विषय निघतो तो बहुधा एकच असतो. ही आता काढावी काय? काढावी म्हणजे मोडीत द्यावी, आणि तिच्या जागी आजच्या पद्धतीची हलकी, गिअरची, नवी सायकल आणावी.

प्रश्न घरगुती दिसतो, आणि तो आहेही घरगुतीच. परंतु श्रोतेहो, घरगुती प्रश्नांनाही इतिहास असतो. सायकल हिंदुस्थानात आल्यापासून प्रत्येक पिढीपुढे हा प्रश्न निराळ्या रूपाने आला, आणि प्रत्येक पिढीने त्याचे उत्तर निराळे दिले. ती उत्तरे तपासून पाहिली तर आपण टाकतो ते काय आणि घेतो ते काय, हे पुष्कळ स्पष्ट होते. माझे बोलणे मुख्यतः माधवगंजाला धरून आहे. मात्र वाटेत बेळगावला आणि इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला जाऊन यावे लागेल.

लष्कर हे नावच छावणीचे आहे. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. तळ हलला नाही, आणि तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. आजही तेथील मोहल्ल्यांच्या नावांत ती छावणी जिवंत आहे. चिटणीसांची गोठ, निंबाळकरांची गोठ, फालका बाजार, पाटणकर बाजार ही नावे सरदारांची आणि मानकऱ्यांची; तर दौलतगंज, जीवाजीगंज, माधवगंज हे गंज शिंदे घराण्याच्या नावांचे. ‘गोठ’ हा आपला ‘गोट’ होय. हिंदी मुलखात राहून त्याचा उच्चार जरा जड झाला, इतकेच. या गंजांतून आणि गोठींतून दक्षिणी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांच्यातले काही शिलेदार होते, काही भिक्षुक, काही गवई. पण विसाव्या शतकात आली तेव्हा त्यांतील पुष्कळशी कारकुनीवर, शिक्षकीवर आणि दरबारच्या निरनिराळ्या खात्यांवर निर्वाह करणारी होती.

आणि ग्वाल्हेर म्हणजे एक शहर नव्हे, तीन शहरे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, दक्षिणेचे लष्कर, आणि पूर्वेचे मुरार, जेथे इंग्रजांची छावणी होती. तिन्हींमध्ये मोकळी मैदाने. पायी जाणाऱ्यास हे अंतर फार, टांगा रोज परवडणारा नाही, आणि घोडा बाळगण्याचे दिवस संपलेले. अशा गावाला सायकल जितकी मानवते तितकी दाट वस्तीच्या गावाला मानवत नाही. माधवगंजातून निघून मोतीमहालातल्या कचेरीत पोहोचण्यास सायकलस्वाराला अर्ध्या तासाहून कमी वेळ पुरे.

यंत्रांविषयी या संस्थानात वैर नव्हते. माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांना यंत्रांचा जो नाद होता त्याची साक्ष जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी आजही देते. त्याच नादातून केवळ दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे निघाली. १८९९ च्या सुमारास तिची सार्वजनिक वाहतूक सुरू झाली, १९०९ पर्यंत ती श्योपूरपर्यंत पोहोचली, आणि शंभराहून अधिक वर्षे तिने चंबळच्या मुलखातील माणसे, दूध आणि धान्य वाहिले. तिची गोष्ट पुढे पुन्हा येईल, कारण तिच्यापुढेही अखेरीस नव्या मॉडेलाचाच प्रश्न उभा राहिला.

आता सायकलीकडे वळू. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी जी सायकल आपण ओळखतो, ती इंग्लंडात जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये ‘रोव्हर’ या नावाने आणली. १८८८ मध्ये डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आणि त्याच १८८८ या वर्षापासून आपल्याकडील किर्लोस्कर ब्रदर्स ही पेढी आपला जन्म मोजते, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. कारण नांगर, पंप आणि इंजिने यांच्यासाठी पुढे नावारूपास आलेल्या या पेढीचा आरंभ बेळगावातील सायकलीच्या दुकानाने झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर त्या काळी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते मुंबईहून सायकली धाडीत, आणि बेळगावास त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकीत. नुसत्या विकीत नसत, तर गिऱ्हाइकाला फी घेऊन चालवावयासही शिकवीत. पुढे बढतीच्या वेळी आपणास डावलले गेले म्हणून लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते स्वतः बेळगावास आले.

सायकलीच्या दुकानातून ते लोखंडी नांगराकडे कसे वळले, ही हकीकत आपल्या प्रश्नाशी अगदी लागून आहे. त्यांचा नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत. पुष्कळ लेखकांनी हा अडाणीपणा म्हणून सांगितला आहे. मला तो तितका अडाणी वाटत नाही. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देत असे. लाकूड रानातले, हत्यार सुताराचे, ज्ञान गावाचे. लोखंडी नांगर मोडला तर कोणाकडे जावे, याचे उत्तर गावात नव्हते. विषाची गोष्ट हे त्या अडचणीचे बोलके रूप असावे. फाळ बदलून मिळतो आणि तो आपल्याला बसवता येतो, हे जसजसे प्रत्ययास आले तसतसे तेच शेतकरी लोखंडी नांगर घेऊ लागले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, ती या नांगराच्या बळावर. माणूस नव्या वस्तूला नाही म्हणतो तेव्हा तो पुष्कळदा वस्तूला नाही म्हणत नसून, तिच्या मागे दुरुस्ती करणारा कोणी उभा दिसत नाही याला नाही म्हणत असतो.

परदेशांत त्या सुमारास दोन निरनिराळ्या चाली चालू होत्या. अमेरिकेत १८९० नंतरच्या वर्षांत सायकलीचे वेड इतके वाढले की कारखानदारांनी दरवर्षी नवे मॉडेल काढण्याचा प्रघात पाडला. आज मोटारींच्या आणि टेलिफोनच्या बाबतीत आपण जी चाल पाहतो, तिचे मूळ सायकलींत आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. गेल्या वर्षीची सायकल जुनी झाली, असे गिऱ्हाइकाला वाटावयास लावणे हा त्या प्रघाताचा हेतू. १८९७ च्या आसपास तो बाजार कोसळला. इंग्रज कारखानदारांनी, निदान रोजच्या वापराच्या सायकलीच्या बाबतीत, याच्या उलट केले. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपली सायकल ‘संपूर्ण पोलादी’ म्हणून जगभर विकली, आणि पुढच्या पट्टीवर बगळ्याच्या तोंडाचे चिन्ह लावून तीच ती आकृती पन्नास वर्षे काढली. लांब फ्रेम, मागे झुकलेला सांगाडा, सळ्यांचे ब्रेक, पुढच्या चाकात ३२ आणि मागच्या चाकात ४० तारा, अठ्ठावीस बाय दीडचे टायर. १९१५ मधल्या सायकलीचा टायर १९५५ मधल्या सायकलीला बसे. वसाहतींतल्या खडकाळ रस्त्यांवर आणि खेड्यांतल्या मिस्त्रीच्या हातांत जी वस्तू जावयाची, ती बदलून चालत नाही, हे त्या व्यापाऱ्यांनी नीट ओळखले होते. त्यात आपल्याविषयी प्रेम होते असे नव्हे. पण हित आपलेही झाले.

तिची बांधणी थोडक्यात सांगतो. पोलादी नळ्यांची टोके ‘लग’ नावाच्या पोलादी खोबणीत बसवीत, आणि सांध्यात वितळलेले पितळ सोडीत. पितळ पोलादाहून पुष्कळ कमी उष्णतेला वितळते, म्हणून नळी जळत नाही आणि सांधा मात्र फटीफटीतून भरून निघतो. १८९७ मध्ये बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी टोकाशी जाड आणि मध्ये पातळ अशा नळ्यांचे पेटंट घेतले. म्हणजे जेथे ताण अधिक तेथे धातू अधिक. पोलादाचा आणखी एक गुण असा की, ठराविक मर्यादेच्या आतले हिसके त्याला कितीही वेळा बसले तरी ते थकत नाही. ॲल्युमिनिअमला अशी निश्चित मर्यादा नाही. प्रत्येक हिसक्याची नोंद त्याच्या अंगात कोठे तरी होत राहते. पोलादाचा खरा शत्रू एकच, तो म्हणजे गंज, आणि तोही आतून लागणारा.

स्वातंत्र्यानंतरच्या दहा वर्षांत माधवगंजातील कारकुनापुढे जो प्रश्न आला तो आजच्या प्रश्नाचा पूर्वावतार होता. युद्धापूर्वीची विलायती सायकल खिळखिळी झालेली, नव्या विलायती सायकलीवर आयातीचे निर्बंध वाढत चाललेले, आणि बाजारात देशी सायकल आलेली. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूर येथे इंग्रज सहकार्याने टी. आय. सायकल्सची स्थापना झाली. सुधीरकुमार सेन यांनी रॅलेच्या भागीदारीने आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना उभारला. १९५१ मध्ये सोनीपत येथे ॲटलस, १९५६ मध्ये लुधियाना येथे हीरो. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या आरंभी मोठ्या कारखान्यांतून वर्षाला सुमारे एक लाख सायकली निघत. योजनेच्या अखेरीस तो आकडा पाच लाखांवर गेला, आणि १९६०–६१ पर्यंत दहा लाखांच्या घरात पोहोचला. एवढ्या वेगाने वाढलेले धंदे त्या काळात थोडे.

तरीही विलायती सायकल बाळगणारा देशी सायकलीकडे नाक मुरडीत असे, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. त्या नाक मुरडण्यात गुलामी वृत्तीचा अंश होता, आणि खऱ्या अनुभवाचाही होता. आरंभीच्या देशी मालात छर्रे लवकर झिजत, मुलामा लवकर उडे. दहा-पंधरा वर्षांत ही तक्रार मागे पडली. आणि इकडे इंग्लंडात काय चालले होते? रॅलेने १९३२ मध्ये हंबर घेतली, १९४३ मध्ये रज, १९५७ मध्ये बी. एस. ए.च्या सायकली, १९६० मध्ये हर्क्युलिसवाल्यांच्या उद्योगसमूहाशी तिचा संयोग झाला. चौघा शेजाऱ्यांनी एकमेकांच्या सायकलींपेक्षा आपली थोर म्हणून वर्षानुवर्षे वाद घालावा, आणि त्या सर्व शेवटी एकाच घरात नांदाव्यात, असा तो प्रकार झाला.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांवर याच वर्षांत निराळाच आघात झाला. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य अस्तित्वात आले, जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले, आणि मोतीमहालात विधानसभा व सचिवालय भरू लागले. आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मध्य प्रदेशाची नवी रचना होऊन राजधानी भोपाळास गेली. राजस्व मंडळासारखी काही कार्यालये ग्वाल्हेरला राहिली. पण सचिवालय गेले, आणि त्याच्याबरोबर पुष्कळ कुटुंबांतील कर्ता माणूस गेला. भोपाळचे रस्ते टेकड्यांवरून चढणारे आणि तळ्यांकडे उतरणारे आहेत. लष्करच्या सपाटीवर जी सायकल राजासारखी चाले ती तेथे चढावर हातात धरून न्यावी लागली, असे त्या पिढीची माणसे सांगत. सायकल तीच, माणूस तोच, नुसते गाव बदलले आणि वस्तूची योग्यता बदलली.

स्कूटरच्या पर्वावर फार थांबण्याचे कारण नाही. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना १९६० नंतर सुरू झाला, नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा काळ आला आणि गेला. आणि सायकलींचे शहर म्हणून मिरविणारे पुणे देखील पेट्रोलच्या वाहनांनी भरून गेले. ग्वाल्हेरात माधवरावांनी १९०५ मध्ये गुरांचा बाजार म्हणून भरविलेला मेळा दर हिवाळ्यात भरतच होता. त्याच मेळ्यात आता गुरांच्या जागी मोटारी उभ्या राहतात, आणि कित्येक वर्षी तेथे घेतलेल्या गाडीवर सरकार रस्ताकरात सूट देत असल्याने घरोघरी ‘मेळ्यापर्यंत थांबू’ असा हिशेब होतो. सेन-रॅलेचा कारखाना १९८० मध्ये सरकारकडे गेला आणि पुढे बंद पडला. नॉटिंगहॅममधली सायकल-बांधणी २००२ मध्ये थांबली. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

त्याच वर्षी ग्वाल्हेरची ती दोन फुटी रेल्वे थांबली. तिच्या जागी रुंद रूळ घालण्याचे काम निघाले, आणि हळहळणारे पुष्कळ निघाले. मीही हळहळणाऱ्यांपैकीच आहे. पण डब्याच्या टपावर बसून प्रवास करणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना केवळ हळहळून मोकळे होता येत नाही. त्या गाडीचे रूळ झिजले म्हणून ती गेली नाही. तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांची गरज तिच्यापेक्षा मोठी झाली म्हणून गेली. जुनी वस्तू जावी की राहावी याचा निकाल वस्तूच्या अंगावरून जितका लागतो, तितकाच तो तिच्याकडून काय काम हवे यावरून लागतो.

माधवगंजात माझ्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी मध्य भारताच्या काळात घेतलेली रॅले ते परवापर्यंत रोज चालवीत होते. दूध, भाजी, ग्रंथालय, सगळे तिच्यावर. गेल्या पावसाळ्यात उतारावर पुढे गाय आली. त्यांनी ब्रेक दाबला, तो लागला नाही, आणि ते पडले. मनगट दुखावले, त्यापलीकडे काही झाले नाही. परंतु घरात जो विषय वर्षा-दोन वर्षांनी निघत असे तो त्या दिवशी ऐरणीवर आला.

“बाबा, तुम्ही सायकल सोडा असं मी म्हणत नाही,” मुलगा म्हणाला. “पण ही सोडा. हिचा ब्रेक पावसात लागणारच नाही. माझ्या मनाला रोज दुपारपर्यंत घोर असतो.”

“अरे, साठ-सत्तर वर्षं लागला तो ब्रेक.”

“तेव्हा रस्त्यावर इतक्या गाड्या होत्या का?”

यावर बाबांजवळ उत्तर नव्हते. मुलाचे म्हणणे भावनेचे नव्हते, यंत्राचे होते, आणि ते बरोबर होते. मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर पाणी पडले की रबराचा ठोकळा घसरतो. हा दोष झिजेचा नव्हे, मूळ रचनेचाच. नवीन असतानाही तो होता. ॲल्युमिनिअमच्या रिमवर किंवा चकतीच्या ब्रेकवर पावसात याहून पुष्कळ भरवसा टाकता येतो. दुसरी गोष्ट वजनाची. जुन्या पद्धतीची सायकल सुमारे वीस किलोंची भरते, आणि घराच्या दोन पायऱ्यांवरून ती रोज उचलून आत घ्यावी लागते. नवी पाच-सहा किलोंनी हलकी मिळते. गिअरची गोष्ट मात्र विक्रेते सांगतात तितकी नवी नाही. स्टर्मी-आर्चर यांचा तीन गतींचा हब १९०२–०३ मधलाच आहे. आपल्याकडे तो थोडा आला, कारण उघडून पुन्हा जोडणारा मिस्त्री गावोगाव नव्हता. येथेही पुन्हा नांगराचीच कथा.

आता बाबांचे म्हणणे ऐकू. ते म्हणत, नवी सायकल बिघडली की तिचा भागच्या भाग बदलावा लागतो. ही मात्र दुरुस्त होते. हेही बरोबर होते. ॲल्युमिनिअमची फ्रेम तडकली तर ती सांधण्याचे काम गल्लीतल्या वेल्डरचे नव्हे. पोलादी नळी वाकली तर सरळ होते, तुटली तर जुळते. परंतु या दाव्यालाही एक बारीक छिद्र होते, आणि ते मिस्त्रीने दाखविले. रॅलेच्या पायडलच्या आसाचे कप इंचाला २६ आट्यांचे असतात, आणि बाकी दुनियेचे २४ आट्यांचे. बाजारात मिळणारा कप त्यात बसत नाही. दामटून बसविला तर आटे कायमचे मरतात. कप झिजले की एखाद्या मेलेल्या रॅलेतून काढून आणावे लागतात, आणि मेलेल्या रॅलेही आता संपत आल्या. टायर मिळतात, ट्यूब मिळते, कॉटर पिन तर कोठेही मिळते, कारण देशी काळ्या सायकली अजून निघत आहेत. अडचण नेमकी त्या एका ठिकाणी होती.

आपल्याकडे जुन्या वस्तूंविषयी दोन निरनिराळे आचार आहेत, आणि ते दोन्ही शास्त्रसंमत आहेत. देवळाचा जीर्णोद्धार करतात. खांब बदलतात, शिखर नवे बांधतात, गाभाऱ्याची फरशी काढतात, तरी देऊळ तेच मानतात. मूर्ती खंडित झाली तर मात्र तिचे विसर्जन करतात. तेथे डागडुजी चालत नाही. सायकलीत मूर्ती कोणती म्हणाल तर फ्रेम. चाके, साखळी, सीट, मडगार्ड हे सारे खांब आणि फरशी. तेव्हा आधी फ्रेम पाहावी. सीटची दांडी काढून नळीत दिवा धरावा. लगच्या कडेला रंगाखाली केसासारखी चीर आहे काय ते पाहावे. पुढच्या फोर्कच्या मुळाशी तर दोनदा पाहावे, कारण तो तुटला तर माणूस तोंडावर पडतो. या घरच्या फ्रेममध्ये चीर नव्हती, गंज वरवरचा होता. म्हणजे सायकल विसर्जनाची नव्हती. पण देऊळ शाबूत असणे निराळे, आणि पुजाऱ्याला त्याच्या पायऱ्या चढता येणे निराळे.

मी स्वतः या प्रकरणात मुलाच्या बाजूचा होतो, हे सांगून टाकतो. सत्तरीच्या माणसाने पावसात न लागणारा ब्रेक केवळ वडिलांची आठवण म्हणून वापरू नये. त्याच वेळी, भंगारवाल्याच्या ताजव्यात जिची किंमत किलोवर ठरते अशी अवस्था त्या सायकलीची करण्याचे कारण मला दिसत नव्हते. मग दोन्ही ठेवाव्यात, असे कोणीही म्हणेल. हा सल्ला वाडे होते तोवर ठीक होता. आता माधवगंजातल्या त्या वाड्याचे चार हिस्से झाले आहेत, यांच्या वाट्याला दोन खोल्या आणि अर्धा जिना आला आहे, आणि नव्या सायकलीला जागा द्यावयाची तर जुनीची काढावी लागते. शिवाय उभी राहिलेली सायकल सुरक्षित राहते हा भ्रम आहे. वंगण वाळते, टायर एका जागी दबून तडकतो, दमट हवेत नळी आतून खाल्ली जाते. चालणारी सायकल दर महिन्याला कोणाच्या तरी हाताखालून जाते. उभ्या सायकलीकडे दसऱ्याखेरीज कोणी पाहत नाही.

हा मुद्दा बाबांना पटला, आणि तो त्यांनी आमच्या कोणाच्याही अपेक्षेपेक्षा पुढे नेला. नवी सायकल आली. मेळ्यापर्यंत थांबावे काय, असे मुलाने विचारले, तेव्हा सायकलीवर कर नसतो, सूट कशाची मिळणार, म्हणून बाबांनीच त्याला थांबू दिले नाही. जुनी रॅले त्यांनी मिस्त्रीला देऊन टाकली. पैसे घेतले नाहीत. मिस्त्रीचा हाताखालचा पोरगा रोज दोनदा महाराज बाड्यावरून टायर-ट्यूब आणावयास पायी जात असे. ती त्याने चालवावी, एवढेच सांगितले. सुनेला हे जरा लागले. घरची वस्तू बाहेर गेली, निदान नातवासाठी ठेवावयाची होती, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. नातू मोठा होईल तेव्हा त्याला विचारावयाचे राहून गेले, हे खरेच आहे.

मिस्त्रीने सायकल घेतली त्याच दिवशी उघडली. पुढच्या हबचे दोन्ही बाजूंचे दहा-दहा छर्रे काढून घासलेटात टाकले, कागदावर मांडले आणि एकेक उजेडात धरून पाहिला. तीन छर्रे त्याने बाजूला काढले. मग तो म्हणाला की एकाच बाजूला जुने-नवे मिसळू नयेत, आणि वीसही नवे घातले. पायडलच्या आसाच्या कपांना मात्र त्याने हात लावला नाही. नुसते पुसून, वंगण भरून, होते तसे बसविले; अजून चार-पाच वर्षे जातील, असा त्याचा अंदाज आहे.